टोकायची बुरशी पाहायला: हंगेरीच्या वाइन-मुलुखात गाडीने नऊ दिवस

आमचं घर निफाड तालुक्यातलं. द्राक्षावर बुरशी म्हणजे काय, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत आहे. अवकाळी झाली, मणी तडकले, घडात राखाडी बुरशी चढली की वडील जेवत नसत. त्यामुळे हंगेरीत टोकाय नावाचा एक असा भाग आहे जिथे लोक ऑक्टोबरभर याच बुरशीची वाट पाहतात, हे वाचल्यापासून तिकडे जायचं डोक्यात होतं. यंदा बायको आणि मी २४ ऑक्टोबरला बुडापेस्टला उतरलो आणि गाडी घेऊन नऊ दिवस फिरलो. कुणी जाणार असेल तर उपयोगी पडेल म्हणून हे लिहितो आहे.

सगळ्यात आधी आखणीबद्दल. हंगेरीत वाइनचे २२ विभाग आहेत. नकाशा पाहिला की सगळेच जवळ वाटतात, आणि तिथेच गडबड होते. आम्हीही सुरुवातीला एगर, टोकाय, बालाटन, शोमलो, सेक्सार्ड आणि विलान्य असा पूर्ण फेरा मांडला होता. मग एक नियम वाचला आणि अर्धी यादी खोडली. हंगेरीत दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा शून्य आहे. एक घोटसुद्धा चालत नाही, आणि रात्रीची सकाळी उतरली नसेल तरी तो गुन्हाच. म्हणजे दिवसभर गाडी हाकत वाटेत चार वाइनच्या तळघरांत थांबायचं, असा प्रवास इथे होतच नाही. म्हणून गाडी फक्त गावं बदलायला वापरा. मुक्काम असा घ्या की तळघरापर्यंत पायी जाता येईल. एका गावात किमान दोन रात्री. दक्षिणेचं विलान्य तांबड्या वाइनसाठी, विशेषतः काबरने फ्रां या द्राक्षाच्या वाइनसाठी, नावाजलेलं आहे, पण आम्ही ते सोडलं आणि त्याची खंत नाही.

गाडीबद्दल थोडक्यात. निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ लायसन्सही सोबत ठेवा. हमरस्त्यांवर टोलनाके नाहीत, गाडीच्या नंबरावर ई-मात्रिका, म्हणजे ठरावीक दिवसांचा ऑनलाइन रस्ता-पास, घ्यावी लागते आणि कॅमेरे ती तपासतात. भाड्याच्या गाडीवर ती आधीच आहे का, आणि असली तर पूर्ण देशाची की एकाच जिल्ह्याची, हे काउंटरवर विचारून घ्या. आम्हाला ‘आहे’ एवढंच सांगितलं गेलं. ती एका जिल्ह्यापुरतीच आहे हे पार्किंगमध्ये कागद वाचताना कळलं, आणि तिथेच फोनवरून दहा दिवसांची घेतली. गावाबाहेर दिवसाही हेडलाइट चालू ठेवावे लागतात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि साडेचार-पाचला अंधार पडतो. टोकायकडे सकाळी धुकं इतकं दाट असतं की आम्ही दहाच्या आधी गाडी काढलीच नाही.

पहिला टप्पा एगर, बुडापेस्टहून साधारण १३० किलोमीटर. इथल्या तांबड्या वाइनचं नाव ‘बिकावेर’, म्हणजे बैलाचं रक्त. १५५२ मध्ये ऑटोमन फौजेने किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा किल्लेदार इश्तवान डोबोने मूठभर माणसांनिशी किल्ला लढवला, बायकाही तटावर उभ्या राहिल्या. शिबंदीच्या दाढ्या तांबड्या वाइनने माखलेल्या पाहून हे बैलाचं रक्त पितात अशी अफवा उठली, अशी दंतकथा. आपल्याला किल्ल्यांच्या गोष्टींचं वेड, त्यामुळे तटावर आमचे तीन तास गेले. गावाबाहेरच्या ‘सुंदर स्त्रीच्या दरी’त डोंगरात कोरलेली तळघरं ओळीने आहेत. एक संध्याकाळ छान जाते, पण वाइन बेताची. चांगली बिकावेर प्यायची तर गावातल्या वाइन बारमध्ये ‘सुपीरियर’ किंवा ‘ग्रँड सुपीरियर’ लिहिलेली मागा.

आता टोकाय. बोद्रोग आणि तिसा या दोन नद्या टोकाय गावापाशी मिळतात. शरदात त्यांचं धुकं सकाळी मळ्यांवर चढतं आणि दुपारी ऊन ते पुसून टाकतं. या ओल-उन्हाच्या खेळात बोट्रायटिस बुरशी मण्याच्या सालीला बारीक छिद्रं पाडते, पाणी उडून जातं, साखर आणि आंबटपणा आत घट्ट होतो. नुसता पाऊस लागला तर हीच बुरशी घड कुजवते, आमच्याकडे कुजवते तशीच. फरक त्या दुपारच्या उन्हाचा.

मुक्काम टोकाय गावात न करता माद या खेड्यात करा, असं मी आग्रहाने सांगेन. तिन्ही बाजूंनी मळ्यांचे उतार, चालत जाता येतील अशी तळघरं, आणि १७९५ चं देखणं सिनेगॉग. आम्ही तीन रात्री राहिलो. एका छोट्या वाइनवाल्या जोडप्याला आधी मेल करून ठेवला होता. आम्ही द्राक्षवाल्याच्या घरचे म्हटल्यावर त्यांनी सकाळी थेट बागेतच बोलावलं. बायका घडातला एकेक सुरकुतलेला मणी बोटांनी वेचून बादलीत टाकत होत्या, बाकीचा घड तसाच वेलीवर. दिवसभर वेचून एका माणसाचे दहा किलोच्या आतबाहेर होतात. मी एक मणी हातात घेतला. वरून राखाडी लव, दाबला तर बेदाण्यासारखा चिवट. तोंडात टाकला तर जर्दाळू, मध आणि मागाहून झणझणीत आंबट. दादाला व्हिडिओ कॉल लावला. तो तिकडे बागेतच होता. म्हणाला, “अरे, हे काढून जाळायचं ते वेचताय काय?” मग मी कॅमेरा बादलीवर धरला तेव्हा गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, “जवळ धर. अजून जवळ.”

हे वेचलेले मणी म्हणजे ‘असू’. ते मस्टमध्ये, म्हणजे ताज्या द्राक्षरसात, किंवा वाइनमध्ये भिजवतात आणि मग पिळतात. पूर्वी १३६ लिटरच्या गोंत्सच्या पिंपात पाठीवरच्या किती टोपल्या पडल्या त्यावर ‘पुट्टोन्योश’चा आकडा ठरायचा. आता तो साखरेवर ठरतो: पाचला लिटरमागे किमान १२० ग्रॅम, सहाला १५०. जुने तीन-चारचे दर्जे २०१३ पासून बंद झाले. मण्यांच्या स्वतःच्या भाराने जो रस गळतो तो ‘एसेन्सिया’, साखर लिटरमागे किमान ४५० ग्रॅम. तो आम्हाला चमच्याने दिला. पाकासारखा ओघळतो, आणि तरीही नुसता गोड लागत नाही, आंबटपणा त्याला उभा धरतो. पण फक्त गोडावर थांबू नका. फुर्मिंट या इथल्या द्राक्षाची कोरडी, म्हणजे गोड नसलेली, वाइन मला रोजच्या जेवणाला त्याहून आवडली.

तळघरात स्वेटर घालून जा, आत बारा महिने गारवा असतो. भिंतींवर काळ्या बुरशीचा जाड थर आहे, हाताला घोंगडीसारखा मऊ लागतो. वाइनच्या वाफेवर ती जगते. लोक त्यात नाणी रुतवून ठेवतात. मालकाने काचेच्या लांब नळीने, तिला ‘लोपो’ म्हणतात, पिंपातून वाइन ओढली आणि तिथेच पेल्यात सोडली. एका बैठकीला पाच-सहा वाइन आणि दीड तास सहज जातो. दिवसाला दोनच बैठका ठेवा. थुंकायला भांडं असतं, ते वापरलं तर कुणी वाईट मानत नाही. छोट्या ठिकाणी रोख फोरिंट लागतात.

शाकाहारी मंडळींसाठी महत्त्वाचं: वाइनसोबत ‘पोगाचा’ नावाची खारी बिस्किटासारखी गोल पावं येतात. त्यातल्या ‘तेपेर्त्योश’ प्रकारात डुकराच्या चरबीचे तुकडे असतात, म्हणून विचारल्याशिवाय घेऊ नका. ‘हूश नेल्क्युल’, म्हणजे मांसाशिवाय, एवढे दोन शब्द पाठ करा. लेचो हा टोमॅटो-मिरचीचा रस्सा आपल्या तोंडाला लागतो, पण त्यातही सॉसेज पडतं. तळलेलं चीज आणि मशरूमचा पाप्रिकाश, म्हणजे लाल मिरचीपुडीचा रस्सा, बहुतेक ठिकाणी मिळाला.

तिथून मोठी मजल मारून बालाटन सरोवराला गेलो आणि तिथे तारीख चुकली. १ नोव्हेंबरला सर्व संतांच्या दिवसाची सार्वजनिक सुट्टी असते, दुकानं बंद. आदल्या दिवशीच खाणं घेऊन ठेवा, २३ ऑक्टोबरलाही तेच. त्या संध्याकाळी मात्र गावाच्या दफनभूमीत शेवंतीची फुलं आणि शेकडो मेणबत्त्या पाहिल्या, आम्ही दोघं बराच वेळ कुंपणाशी उभे होतो. बालाटनफ्युरेडला रवींद्रनाथ १९२६ मध्ये हृदयाच्या उपचारासाठी राहिले होते. त्यांनी लावलेलं लिंडनचं झाड आणि त्यांच्या नावाचा काठावरचा रस्ता चुकवू नका.

पुढे बदाचोन्य, बसाल्टचा सपाट माथ्याचा डोंगर, आपल्या सह्याद्रीतला वाटावा असा. इथल्या ‘केकन्येल्यू’ द्राक्षाचं नाव निळ्या देठावरून आलं. त्याला फक्त मादी फुलं येतात, म्हणून परागासाठी शेजारच्या ओळीत ‘बुदाई झोल्ड’ लावतात. नोव्हेंबरात इथली निम्मी तळघरं बंद होती. बालाटन करायचंच तर सप्टेंबरात या, आणि टोकाय ऑक्टोबरअखेर. दोन्ही एकाच फेरीत बसवायची आमची हौस चुकीची ठरली. शोमलोला तर गाडीतूनच नमस्कार केला.

भारतात माणशी दोन लिटर दारू शुल्काशिवाय आणता येते. असूची बाटली अर्ध्या लिटरची, म्हणजे माणशी चार. मोजे आणि स्वेटरमध्ये गुंडाळून चेक-इन बॅगेत मधोमध ठेवल्या, एकही फुटली नाही. दादाची सहा पुट्टोन्योशची बाटली गावी कपाटात आहे. माल निघाला की मार्चमध्ये उघडू म्हणतो.