बॅगेची चेन आणि माझं इन्स्टाग्राम

बॅगा दुरुस्त करणं हा माझा धंदा. चेन, हँडल, ट्रॉलीची चाकं, उसवलेली शिवण, सगळं. या धंद्याची गंमत अशी की बॅग तुटेपर्यंत कुणाला माझी आठवण येत नाही, आणि तुटली की ती आजच्या आज हवी असते, कारण उद्या पहाटे निघायचं असतं. मग जाहिरात करायची कुणासाठी? ज्याची बॅग धड आहे तो माझी जाहिरात बघून काय करणार?

भाचीने हट्टाने इन्स्टाग्रामवर खातं उघडून दिलं. पहिले दोन महिने मी काय काय टाकलं ते आता माझं मलाच बघवत नाही. दुरुस्त झालेली बॅग पुसूनबिसून, पांढऱ्या चादरीवर ठेवून फोटो. पण दुरुस्त झालेली बॅग ही फोटोत नुसती बॅगच दिसते. काम जितकं सफाईचं, तितकं ते कमी दिसतं! मधे सुविचारही टाकून पाहिले. लाइक यायचे, पण सगळे घरचेच.

मग एका एजन्सीचा फोन आला. हजारो फॉलोअर मिळवून देतो म्हणाले. घेतले. आकडा एका रात्रीत फुगला, गिऱ्हाईक एक वाढलं नाही. भाचीने इनसाइट्स, म्हणजे खात्याची आकडेवारी, उघडून दाखवलं, तर हे फॉलोअर कुठल्या कुठल्या देशांतले. त्यांची बॅग माझ्यासमोर तुटली असती तरच काही उपयोग होता.

एक दिवस एक बाई ट्रॉली बॅग घेऊन आल्या. चेन लावली की मागून उघडत यायची. त्यांना वाटलं पूर्ण चेन बदलावी लागणार. दात एकदम शाबूत होते, दोष रनरचा, म्हणजे चेन लावताना सरकवतो त्या तुकड्याचा होता. वापरून वापरून रनरची मागची तोंडं फाकतात, मग तो दात एकमेकांत नीट दाबून बसवत नाही. मी पक्कड घेतली, रनरच्या दोन्ही बाजू मागून हलकेच दाबल्या, थोडं एकीकडे, थोडं दुसरीकडे, आणि चेन बसली. भाची बाजूलाच होती. तिने माझ्या नकळत ते सगळं फोनमध्ये घेतलं. फक्त हात, पक्कड आणि चेन.

ती म्हणाली, "मामा, हेच टाकू या." मी साफ नाही म्हटलं. युक्तीच सांगून टाकली तर माझ्याकडे येणार कोण? दोन दिवस घासाघीस झाली आणि शेवटी टाकला. चाळीस सेकंदांचा व्हिडिओ. गाणं लावायला गेलो तर बिझनेस खात्याला बरीचशी गाणी मिळतच नाहीत, परवान्याचा मामला असतो. मग चेनचा आवाज तसाच ठेवला. आधी करकर, मग सर्रकन. लोकांना तो आवाजच आवडला म्हणे.

या व्हिडिओला लाइक बेताचेच होते, पण सेव्ह भरपूर. मला आधी त्याचा अर्थ कळला नाही. मग उमगलं, लोक तो 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवून देत होते. म्हणजे बॅग तुटेल त्या दिवशी मी त्यांच्या फोनमध्ये असणार होतो. आणि युक्ती फुटल्याचं नुकसान? काहींनी घरी पक्कड चालवली आणि त्यांचं काम झालं, चांगलंच आहे. काहींनी जोर लावला आणि रनर तडकला. ते रनर बदलायला माझ्याकडे आले. दाबलेला रनर तसाही फार दिवस टिकत नाही, हे मी पुढच्या व्हिडिओत सांगितलं.

घोटाळा निराळ्याच ठिकाणी झाला. मला वाटायचं, बघतात सगळे, विचारत कुणी नाही. तीन आठवड्यांनी भाचीने सहज 'रिक्वेस्ट'चा कप्पा उघडला. अनोळखी लोकांचे मेसेज तिथे जातात, हे मला ठाऊकच नव्हतं. एकोणीस मेसेज पडून होते. एकाने लिहिलं होतं, "उद्या सकाळी निघायचंय, संध्याकाळपर्यंत होईल का?" वर तारीख अठरा दिवसांपूर्वीची. मी तरी उत्तर दिलं, माफी मागितली. त्यांचं उत्तर आलं: "नवीन घेतली." त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

तेव्हापासून नियम केला, पोस्ट राहिली तरी चालेल, उत्तर राहता कामा नये. चौकशी सगळी व्हॉट्सअॅप बिझनेसवर वळवली. काम बंद असताना आपोआप जाणारा निरोप लावला. नेहमीची उत्तरं साठवून ठेवली. त्यातलं सगळ्यात कामाचं उत्तर हे: "रनरच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा." तिथे बहुतेकदा ५, ८, १० असा नंबर कोरलेला असतो. तो आणि दात नायलॉनचे, धातूचे की प्लास्टिकचे, एवढं कळलं की माल आधीच काढून ठेवता येतो. ५ नंबरचा नायलॉनचा रनर ५ नंबरच्या धातूच्या चेनला चालत नाही, हे समजावण्यात आधी फोनवर अर्धा दिवस जायचा.

ब्रॉडकास्ट लिस्टमध्येही, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना पाठवायच्या व्हॉट्सअॅपच्या यादीतही, मी आपटलो. निरोप पाठवत राहिलो आणि बहुतेकांना मिळतच नव्हता, कारण ज्यांनी माझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. आता बॅग हातात देताना समोरच माझा नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून घेतो. जरा ओशाळवाणं वाटतं, पण घेतो. पैसे भरून पोस्ट जास्त लोकांना दाखवायची असेल तर परिसर स्वतः ठरवतो, आसपासचाच. पहिल्यांदा ते अॅपवरच सोडलं होतं. तुटकी बॅग घेऊन लांबून कोण येतंय?

आता काम निम्मं झालं की व्हिडिओ घ्यायला फोन लावतो, पूर्ण झाल्यावर नाही. आठवड्याला एक व्हिडिओ, जमलं तर दोन.

ते विकतचे फॉलोअर अजून आहेत. रोज झोपायच्या आधी पन्नासेक काढतो. एकेक करून.