'टेन्शन' फोडताना: एकवीस बुधवारांची नोंद

काल एकविसावा बुधवार झाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात केली तेव्हा होड्या नुकत्याच वर ओढल्या होत्या. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, पर्यटक नाहीत, स्कूबावाल्यांना काम नाही. मालवणात दांडी किनाऱ्याच्या बाजूला आमची पडवी आहे, तिथे संध्याकाळी साडेपाचला इंग्रजी बोलायच्या सरावासाठी सात जण जमू लागले. होमस्टे चालवणाऱ्या वहिनी, पोस्टातून निवृत्त झालेले काका, स्कूबा शिकवणारा एक पोरगा, नर्सिंगला असलेली एक मुलगी, बाजारात मासे विकणारी मावशी, दशावतारात स्त्रीपार्ट करणारा एक कलाकार आणि मी. मी दिवसभर औषधांच्या दुकानात असते. इंग्रजी बोलायची हौस मला शाळेपासूनची आहे आणि शिक्षिका म्हणून मी या गटात बसत नाही, हे आधीच सांगते.

पहिले तीन बुधवार वाया गेले. मी पुस्तकातले विषय घेतले होते: माझा आवडता सण, प्रदूषण, मोबाईलचे फायदे-तोटे. सगळे घरून पाठ करून यायचे आणि म्हणून दाखवायचे. बोलणं कोणीच करत नव्हतं. चौथ्या बुधवारी काका आले ते गप्पच होते. पाळी आली तेव्हा म्हणाले, "टुडे आय हॅव टेन्शन." मी विचारलं, कसलं? मुलगी मुंबईला बाळंतपणासाठी दवाखान्यात गेली होती आणि सकाळपासून फोन लागत नव्हता. काका दहा मिनिटं बोलले, तुटक, क्रियापदं चुकवत, मध्येच मालवणीत जात. पण एकही वाक्य पाठ केलेलं नव्हतं. रात्री घरी गेल्यावर मी वहीत लिहिलं की आता विषय मनाचेच घ्यायचे. रोजचेच, साधे. राग, काळजी, कंटाळा, लाज, वाट बघणं.

'टेन्शन' या एका शब्दावर आम्ही पुढचे तीन बुधवार घालवले आणि ते सगळ्यात फळाला आले. हा शब्द आता मराठीच झालाय. "माका टेन्शन इला" म्हणताना कोणालाच तो परका वाटत नाही. पण मराठीतलं टेन्शन हे मोठं गाठोडं आहे. त्यात काळजी, भीती, कामाचा बोजा, परीक्षेची धाकधूक, भांडणानंतरची चिडचिड, सगळं कोंबलेलं असतं. इंग्रजीत हा शब्द बहुतेक वेळा ताणलेल्या दोरीला, दोन माणसांमधल्या अवघडलेपणाला किंवा दोन देशांमधल्या तणावाला लावतात. "आय हॅव टेन्शन" ऐकून बाहेरचा पाहुणा समजून घेतो, पण त्याला नेमकं काय झालंय ते कळत नाही.

म्हणून गाठोडं सोडलं. मी वेळेवरून फोड केली, तीच लोकांच्या ध्यानात राहिली. गोष्ट घडायच्या आधी, समोर दिसत असताना पोटात होतं ते 'नर्व्हस'. कशाबद्दल ते नाव घेऊन सांगता येतं ते 'वरीड', म्हणून त्याच्या मागे 'अबाउट' लावायचं. नाव घेता येत नाही, नुसतंच काहीतरी वाईट होणार असं वाटत राहतं ते 'अँक्शस'. एकाच वेळी चार कामं अंगावर पडली की 'स्ट्रेस्ड'. घडून गेल्यावर मन विस्कटतं ते 'अपसेट'. इंग्रजी बोलणारे हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात, हे मला माहीत आहे. तरी सुरुवातीला कुंपणं घातलेली बरी. पुढच्या बुधवारी काका म्हणाले, "लास्ट वेन्सडे आय वॉज वरीड अबाउट माय डॉटर. नाऊ आय ॲम अ ग्रँडफादर." त्यांना नात झाली होती.

2007 साली मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात एक प्रयोग छापला. रागावलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्यांची चित्रं बघताना त्या भावनेचं नाव निवडायला सांगितलं, तर मेंदूतला अमिग्डला नावाचा भाग, जो धोक्याच्या वेळी पेटून उठतो, तो कमी पेटलेला दिसला. पडवीत मेंदू बघायचं यंत्र नाही. पण नेमका शब्द सापडल्यावर माणूस श्वास सोडतो, ते मी दर बुधवारी बघते.

व्याकरणाची एक गंमत इथे आडवी आली आणि तिच्यावर मी अजून विचार करते आहे. मराठीत राग मला *येतो*, भीती मला *वाटते*, रडू मला *कोसळतं*. भावना कर्ता असते, आपण ज्याच्याकडे ती येते तो. इंग्रजीत मात्र "आय ॲम अँग्री", म्हणजे मीच रागावलेला. मावशी पहिल्यांदा "अँगर केम टु मी" म्हणाली तेव्हा मी दुरुस्त केलं, आणि नंतर मला वाईट वाटलं. वाक्य रुळलेलं नव्हतं, पण तिचं म्हणणं खरं होतं. राग पाहुण्यासारखा येतो तसा जातोही, हे आपल्या व्याकरणातच आहे. आता आम्ही दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहितो, इंग्रजी रूढ वाक्य शिकतो आणि मराठी वाक्य पुसत नाही. जाता जाता, 'बोअर्ड' आणि 'बोअरिंग'चा घोटाळा सगळीकडे असतो तसा आमच्याकडेही होता. आपल्याला कंटाळा आलाय की आपला दुसऱ्याला येतोय, एवढा एकच प्रश्न विचारायचा. एका संध्याकाळीत मिटला.

दुसरीकडे, आपले कितीतरी शब्द इंग्रजीत मावत नाहीत. हुरहूर, रुखरुख, चुटपुट, घालमेल, काहूर. गणपतीनंतरच्या पहिल्या बुधवारी वहिनींनी चाकरमानी मुलगा परत गेल्याचं सांगायला घेतलं. आम्ही दोन बुधवार सुट्टी घेतली होती, घरोघरी मुंबईची माणसं होती. विसर्जन झालं, गाड्या लागल्या, आणि घर खायला उठलं. हे इंग्रजीत कसं म्हणायचं? "द हाऊस फील्स एम्प्टी" जमतं, पण त्याला दात नाहीत. मग ठरवलं की एका शब्दाला एक शब्द शोधायचाच नाही, छोटा प्रसंग सांगायचा. वहिनींनी वाक्यं केली: "आय कुक राइस फॉर सिक्स. वी आर टू. आय पुट इट बॅक." तिन्ही वाक्यं चौथीतल्या पोराला येतील अशी. पडवीत कोणी काही बोललं नाही बराच वेळ.

अंगातल्या भावनांचे वाक्प्रचारही तपासून घ्यावे लागतात. 'पोटात गोळा येणं' आणि इंग्रजीतली पोटातली फुलपाखरं मी आधी सारखी समजत होते. फुलपाखरं हलकी असतात, लग्नाच्या सकाळीही उडतात. गोळा जड, त्यात भीतीच. 'काळजात धस्स'ला "माय हार्ट स्किप्ड अ बीट" चालतं. "माय हार्ट सँक" म्हणजे धस्स नव्हे, ते आशा मावळल्यावरचं. आणि 'जीव भांड्यात पडला'ला "व्हॉट अ रिलीफ" एवढं साधं उत्तर आहे, फक्त भांडं हरवतं.

बोलायची भीती हा विषय आठव्या बुधवारी घेतला, खरं तर आधीच घ्यायला हवा होता. 1986 साली इलेन हॉर्विट्झ, मायकल हॉर्विट्झ आणि जोअन कोप या तिघांनी परभाषेच्या वर्गात वाटणाऱ्या धास्तीवर लिहिलं आणि ती मोजायला 33 विधानांची पट्टी तयार केली. त्यांच्या मते या धास्तीत तीन धागे असतात: बोलण्याचाच संकोच, परीक्षेची भीती आणि लोक काय म्हणतील ही भीती. आमच्याकडे परीक्षा नाही, पण तिसरा धागा दोरखंडाएवढा आहे. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. स्कूबावाला पोरगा पाण्याखाली परदेशी माणसाचा हात धरून त्याला शांत ठेवतो, पण वर आल्यावर शेजारच्या मुलासमोर इंग्रजी बोलायला त्याला भीड वाटते.

यावर मी थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा 2000 सालचा कॉर्नेल विद्यापीठातला प्रयोग सांगितला. विद्यार्थ्याला एका गायकाच्या चेहऱ्याचा, त्याला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवायचे. त्याला वाटायचं निम्म्या लोकांनी तरी बघितला असेल. प्रत्यक्षात जवळपास पाव लोकांच्याच लक्षात आलेलं असायचं. मी स्वतः त्या दिवशी दोन कानांत दोन वेगळी कानातली घालून बसले होते. तासाभरानं विचारलं. एकट्या मावशीनं बघितलं होतं. मग तेच चुकांना लावलं: बोलणाऱ्यानं आपल्या किती चुका लोकांच्या लक्षात राहिल्या असतील तो आकडा चिठ्ठीवर लिहायचा, आणि ऐकणाऱ्यांनी आठवतील त्या सांगायच्या. काकांनी दहा लिहिले, सगळ्यांना मिळून दोन आठवल्या. हा खेळ तुमच्या गटात जरूर करून बघा. माझ्या एकवीस बुधवारांतला सगळ्यात कामाचा अर्धा तास हाच.

आता चूक सांगते, कारण ती माझी होती. नवव्या बुधवारी विषय दिला, 'तुमची सगळ्यात मोठी भीती'. पुस्तकात असे प्रश्न असतात, म्हणून मी विचार न करता घेतला. मावशीची पाळी आली. तिनं 'फयान' एवढाच शब्द उच्चारला आणि उठून विहिरीकडे गेली. 2009 च्या नोव्हेंबरात ते वादळ आलं तेव्हा तिचा नवरा समुद्रात होता. तो परत आला, सगळेच आले नाहीत. किनाऱ्यावरच्या माणसाला गंमत म्हणून सगळ्यात मोठी भीती विचारायची नसते, हे मला कळायला हवं होतं. मी तिच्या मागे गेले, मालवणीत बोललो, इंग्रजी त्या दिवशी तिथेच थांबलं.

त्यानंतर आम्ही काही गोष्टी पाळतो. भावना लहान मापाची घ्यायची: या आठवड्यातली, भाजीच्या पिशवीत मावेल एवढी. पाळी आली तरी "पास" म्हणायचा हक्क, कारण विचारायचं नाही. पडवीतलं पडवीत राहतं. डोळ्यांत पाणी आलं की लगेच आपली भाषा, आणि दुरुस्त्या बंद. तीन आठवड्यांनी आम्ही चालू भूतकाळ करत होतो, तेव्हा मावशी आपणहून म्हणाली, "दॅट नाइट आय वॉज नॉट क्राइंग. आय वॉज लिसनिंग." इंजिनाचा आवाज येतो का ते ती रात्रभर ऐकत होती. 'वॉज लिसनिंग' हे रूप मी त्याआधी चार वेळा समजावलं होतं, पण ते सगळ्यांना समजलं ते त्या क्षणी.

तिला हे मालवणीत सांगता आलं असतं का? ती नाही म्हणते. जाँ-मार्क डवाले आणि अनेता पाव्हलेंको यांनी हजाराहून जास्त बहुभाषकांना विचारलं होतं. बहुतेकांना भावनेचे शब्द पहिल्या भाषेतच जड वाटतात, नंतर शिकलेल्या भाषेत हलके. आम्ही याला 'खिडकीतून बघणं' म्हणतो. काही गोष्टी खिडकीतून बघितल्या तरच बघवतात. पण रडायला मात्र आईचीच भाषा लागते.

ऐकणाऱ्यानं काय बोलायचं, यावर अजून काम बाकी आहे. वहिनींकडे उतरलेला एक पाहुणा नाश्त्याला म्हणाला, "आय ॲम फीलिंग अ बिट डाउन." वहिनींना अर्थ लागला, पण उत्तर सुचलं नाही, त्यांनी अजून एक घावणा वाढला. माझ्या मते ते उत्तर वाईट नव्हतं. शब्दांत मात्र आपली सवय सल्ल्याची. "टेन्शन घेव नको" हे आपण प्रेमानंच म्हणतो, इंग्रजीत "डोन्ट टेक टेन्शन" म्हटलं की बोलणं तिथेच मिटतं. आम्ही तीन उत्तरं घोकली: "दॅट साउंड्स हार्ड", "डू यू वॉन्ट टु टॉक अबाउट इट?" आणि "आय ॲम सॉरी टु हिअर दॅट". तिसऱ्यावर काका अडले, आपण चूक केलीच नाही तर सॉरी का? मराठीत सॉरी म्हणजे फक्त माफी. इंग्रजीत ते 'मला वाईट वाटलं' यालाही लागतं, कोणी गेल्याचं कळल्यावरही.

नर्सिंगच्या मुलीनं एक गोष्ट लावून धरली आणि मी तिच्या बाजूची आहे. 'डिप्रेशन' हा शब्द एका वाईट दिवसासाठी वापरायचा नाही. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास, कशातच रस नाही, झोप-भूक बिघडलेली, तर ते डॉक्टरांकडे न्यायचं दुखणं आहे. आणि रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे म्हणून "ह्याका रत्नागिरीक धाडा" अशी जी थट्टा इकडे चालते, ती आम्ही पडवीत बंद केली. मधुमेहाच्या माणसाला दवाखान्यावरून कोणी चिडवत नाही. फळ्याच्या कोपऱ्यात 14416 हा आकडा कायमचा लिहिलाय, टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा. 10 ऑक्टोबर 2022 ला ही सरकारी सेवा सुरू झाली, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. आमचा गट बोलायचा सराव करतो, उपचार नाही, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतो.

कलाकाराबद्दल थोडं. दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. कथानक ठरतं आणि बोलणं रंगमंचावर सुचेल तसं. त्यामुळे आमच्यात सगळ्यात कमी इंग्रजी शब्द त्याच्याकडे आणि सगळ्यात कमी भीतीही त्याच्याकडेच. शब्द अडला की तो आधी चेहरा आणि हात त्या भावनेत नेतो, मग शब्द येतो, किंवा समोरचा देतो. आता आम्ही सगळेच तसं करतो: आधी अभिनय, मग वाक्य. काल त्याचा शेवटचा बुधवार होता, जत्रांचे दिवस सुरू झाले, आता पाऊस येईपर्यंत तो रात्री गावोगावी.

पुढच्या बुधवारी विषय 'रुसवा'. 'सल्किंग' म्हणजे नुसतं तोंड फुगवणं. रुसण्यात कोणीतरी समजूत काढायला येईल हा भरवसा असतो, तो इंग्रजीत कसा आणायचा, यावर मला वाक्यं हवी आहेत. कलाकारानं जाताना सांगितलंय की तो रुक्मिणीचा रुसवा आवाजात भरून पाठवेल, इंग्रजीत.