स्क्लेरल लेन्ससाठी सोलापूर ते हैदराबाद: "एका दिवसात होतं" म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका

केराटोकोनस आहे (बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येतं तो आजार), चष्म्याने काही होत नाही, आरजीपी म्हणजे छोटी कडक कॉन्टॅक्ट लेन्स टोचून टोचून जीव नकोसा झालाय आणि आता कोणीतरी "हैदराबादला जाऊन स्क्लेरल करून घे" म्हणालंय, अशा लोकांसाठी लिहितोय. आजार काय आहे ते तुम्हाला माहितीय आणि टोपोग्राफीचे (बुबुळाच्या आकाराच्या नकाशाचे) जुने रिपोर्ट फाईलला आहेत असं धरतो. नंबर अजून वाढत असेल आणि सीथ्रीआर (आजार वाढू नये म्हणून बुबुळ घट्ट करायची प्रक्रिया) झालं नसेल तर आधी त्याचं बघा, कारण लेन्सने दिसतं, आजार थांबत नाही.

मला आपल्याच सोलापुरातल्या एका ऑप्टिकलवाल्याने छातीठोक सांगितलं होतं, "सकाळी जायचं, संध्याकाळी लेन्स डोळ्यात घालून परत." साफ खोटं. स्क्लेरल ही दुकानातून पाकीट फोडून घालायची लेन्स नाहीच. साधी आरजीपी बुबुळावरच टेकते, म्हणून तर शंकूच्या टोकाला घासते आणि आपल्या इथल्या उन्हाळ्यात धुळीचा एक कण आत गेला की माणूस भर सात रस्ता चौकात गाडी बाजूला लावून रडत बसतो. स्क्लेरल मोठी असते, 15 ते 20 मिलिमीटरच्या आसपास, ती पांढऱ्या भागावर टेकते आणि बुबुळाला शिवतच नाही, मधल्या जागेत सलाइन भरलेलं असतं. ती मधली जागा मायक्रॉनमध्ये मोजतात. ट्रायल लेन्स घालून बसवून ठेवतात, पिवळा डाय टाकून बघतात, ओसीटी म्हणजे डोळ्याचा स्कॅन काढतात, नाही जमलं की दुसरी ट्रायल, आणि हे सगळं झाल्यावर तुमच्या मापाची लेन्स बनायला ऑर्डर जाते. एका दिवसात कुठून होणार?

पण त्याने न सांगितलेली गोष्ट जास्त महागात पडली. पहिल्यांदा हैदराबादला मी आरजीपी घालूनच गेलो. न घालता जाणार कसा, समोरचा माणूस दिसत नाही. आत गेल्यावर तपासणाऱ्या मॅडमनी विचारलं लेन्स कधी काढली, मी म्हटलं आत्ता, बाहेर, आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. रोज घालून घालून बुबुळाचा आकार लेन्ससारखा झालेला असतो, त्यावर माप घेतलं तर माप चुकणार. म्हणाल्या, लेन्स न घालता राहा, मग या. आरजीपीवाल्यांना साधारण एक-दोन आठवडे सांगतात, सॉफ्टवाल्यांना कमी, प्रत्येक सेंटरचा नियम वेगळा, त्यामुळे तिकीट काढायच्या आधी फोन करून हा एकच प्रश्न विचारा. बाकी काही नाही विचारलं तरी चालेल.

आता त्या मधल्या दिवसांबद्दल, कारण या अख्ख्या भानगडीतला सगळ्यात वाईट टप्पा तोच आहे आणि कोणीच त्याबद्दल लिहीत नाही. ऑफिसला रजा टाका. गाडी चालवू नका. मोबाईल नाकाला चिकटवून वाचायचा, घरच्यांना वाटतं नाटक करतोय. आणि दुसऱ्या वेळेला मी त्या अवस्थेत रात्रीची प्रायव्हेट स्लीपर पकडली, एजंटने सांगितलं हैदराबाद रोडला थांबा, बस साडेबाराला येईल. आला का अंदाज? पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या सगळ्या ट्रॅव्हल्स तिथूनच जातात, प्रत्येक हेडलाइटचे माझ्यासाठी सात-आठ हेडलाइट, त्यांना शेपट्या फुटलेल्या, नंबर प्लेट म्हणजे नुसता पांढरा डाग. एजंटचा फोन बंद. सोबत शेजारचे काका होते, पद्मशाली आहेत, घरी तेलुगूच बोलतात म्हणून मुद्दाम नेले होते, पण वय सत्तरच्या पुढे, त्यांनाही रात्रीचं धड दिसेना. दोघंही प्रत्येक बसला हात करतोय. दोन वाजता एक थांबली ती विजयवाड्याची निघाली, आमची कधी गेली कळलंच नाही. काका म्हणाले, "चल बाबा घरी, सकाळच्या शताब्दीनं जाऊ की." तेच केलं.

म्हणून स्पष्ट सांगतो, लेन्सशिवाय असताना रात्रीची बस नको, स्वस्त असली तरी नको, फुकट असली तरी नको. पुण्याहून येणारी शताब्दी सकाळी सोलापूरला असते आणि दुपारी सिकंदराबादला सोडते, उजेडात चढायचं, उजेडात उतरायचं. रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, कोणी स्वतःची गाडी घेऊन नेणारा असेल तर उत्तमच. सिकंदराबादला उतरलं की रिक्षावाले अंगावर येतात, डोळ्याला पट्टी किंवा काळा गॉगल दिसला की आकडा अजून वर. काकांनी तेलुगूत दोन वाक्यं ऐकवली तर निम्म्यावर आला. तुमच्याकडे काका नसतील तर सिकंदराबाद ईस्टचं मेट्रो स्टेशन जवळ आहे, सरळ तिकडे चालायला लागा.

पैशाचं बोलू. लेन्सचा जो आकडा सांगतात तो बहुतेक वेळा एका डोळ्याचा असतो. तपासणी, स्कॅन वेगळे. आणि पहिली लेन्स नीट बसली नाही तर बदलून देणार का, किती दिवसांत, त्याचे पैसे लागणार का, हे ऑर्डर द्यायच्या आधी कागदावर लिहून घ्या. आमच्या ऑप्टिकलवाल्याने मला आधी "स्पेशल स्क्लेरल" म्हणून जी दाखवली होती ती सॉफ्ट टोरिक, म्हणजे सिलिंडर नंबरची साधी मऊ लेन्स होती, हे मला तिथे जाऊन कळलं. ट्रायल न घालता, ओसीटी न काढता कोणी स्क्लेरल विकत असेल तर दुकानातून उठून चालू लागा.

कुठे जायचं? हैदराबादला एल. व्ही. प्रसाद डोळ्यांचं हॉस्पिटल आणि चेन्नईला शंकर नेत्रालय, दोन्हीकडे प्रोज म्हणून स्क्लेरलचाच जो बोस्टनचा खास प्रकार आहे तोही करतात. स्टीव्हन्स-जॉन्सन (बहुतेक वेळा औषधाच्या रिअॅक्शनने कातडी आणि डोळे खराब करणारा आजार) झालेले, डोळे पार कोरडे पडलेले पेशंट त्यासाठी लांबून लांबून येतात. आपल्यासारख्या नुसत्या केराटोकोनसवाल्याला साध्या स्क्लेरलने भागतं बहुतेक वेळा. (गंमत म्हणजे 1888 मध्ये अडॉल्फ फिकने पहिली कॉन्टॅक्ट लेन्स केली ती अशीच पांढऱ्या भागावर टेकणारी होती, काचेची. विचार करा, काचेची!)

लेन्स हातात देतात ते तुम्हाला स्वतःला घालता-काढता आली तरच. आरसा टेबलावर आडवा, त्याखाली स्वच्छ टॉवेल, हनुवटी छातीला, चेहरा जमिनीला समांतर. रबरी प्लंजरवर (लेन्स धरायची छोटी चोषणी) लेन्स वाटीसारखी ठेवायची, सलाइन काठोकाठ भरायचं, दोन्ही पापण्या ताणून धरायच्या आणि खाली मान घालून डोळाच लेन्सवर न्यायचा. सलाइन गालावरून वाहतं, शर्ट ओला होतो, होऊ द्या. आत बुडबुडा राहिला तर नजरेसमोर गोल गोल फिरतो, काढा आणि परत भरा. काढताना प्लंजर कडेला लावायचा, मधोमध लावून ओढलं तर लेन्स सुटत नाही आणि डोळा ओढला जातो. सलाइन प्रिझर्वेटिव्ह नसलेलंच, छोट्या अँप्युलमध्ये मिळतं ते, फोडलं की वापरून टाकून द्यायचं. नळाचं पाणी लेन्सला कधीच नाही, मिनरल वॉटरची बाटली पण नाही. पेरॉक्साइडवालं सोल्यूशन दिलं असेल तर ठरलेले तास केसमध्ये पूर्ण होऊ द्या, तसंच डोळ्यात गेलं तर काय होतं ते अनुभवायची गरज नाही.

दिसतं कसं ते काय सांगू. परतीच्या गाडीत तांडूरच्या बोर्डावरचं तेलुगू अक्षर न् अक्षर सुटं दिसत होतं, वाचता येत नाही तो भाग वेगळा. काकांना मी वाडी स्टेशनपर्यंत दिसेल तो बोर्ड वाचून दाखवला, शेवटी ते झोपले. पण हुरळून जाऊन पहिल्याच दिवशी चौदा तास ठेवू नका, सांगितलेत तेवढेच तास वाढवत न्या आणि झोपताना काढाच. दुपारी धुरकट दिसायला लागलं तर घाबरू नका, आतलं सलाइन गढूळ होतं, काढून ताजं भरलं की साफ. लाल झालं, दुखलं तर मात्र काढायची आणि फोन करायचा.

आणि रिव्ह्यूला जाताना सगळं उलटं. तेव्हा लेन्स घालूनच जायचं, तीही तीन-चार तास आधी घातलेली, कारण घातल्यावर ती हळूहळू खाली बसते आणि बसल्यानंतर किती जागा उरली तेच त्यांना बघायचं असतं. आमच्यासोबत बसलेला लातूरचा एक पोरगा डबीत घेऊन आला होता, त्याला घालून दुपारपर्यंत बसवून ठेवलं. त्यामुळे सकाळी नऊची वेळ देत असतील तर नको म्हणा, अकरानंतरची मागा आणि लॉजवर सातला घालून मोकळे व्हा. प्लंजर दोन घ्या, एक खिशात ठेवा, बॅगेत नाही.