सडा, जमिनीवर ठेवून

शनिवार, रात्री साडेअकरा

आज तिसरा कागद फाडला. सडा, म्हणजे आमचं कोकणातलं जांभ्याचं पठार, काढायला बसले की दर वेळी पावसाळाच उतरतो: हिरवंगार गवत, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा, वर ढग. दिसायला छान, पण आमचा सडा नव्हे. ती फुलं महिना-दीड महिन्यांची पाहुणी. (तीही वाटतात तेवढी बापुडी नाहीत, मुळाशी इवल्या पिशव्या लावून किडे धरतात.) उरलेलं वर्षभर सडा म्हणजे आधी पिवळं गवत आणि मग नुसता काळा कातळ, मार्चात अनवाणी पाय टेकवणार नाही इतका तापलेला.

गावाहून येताना चिरेखाणीच्या कडेचा जांभ्याचा तुकडा आणला होता. वरून काळपट, फोडला तर आत तांबडा, पिवळा, भोकाभोकांचा. आठवडाभर खलात कुटतेय. भुकटी पाण्यात ढवळायची, जाड कण खाली बसले की वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. सकाळी तळाशी लोण्यासारखा गाळ मिळतो. त्यात बाभळीच्या डिंकाचं पाणी घातलं की झाला रंग. चहाची तीन पातेली त्यात गेली.

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगो, सड्यावर काढण्यासारखं आहे काय? गुरं न्यायची नि आणायची."

तेच तर! मी सडा कधी लांबून बघितलाच नव्हता. गुरांमागे खाली मान घालून चालायचं, ठेच लागू नये म्हणून. माझ्या लहानपणात क्षितिज नाहीच मुळी. आहेत त्या कातळातल्या भेगा, खळग्यांतलं पाणी, शेण, आणि आम्ही ज्यांच्यावर लंगडी खेळायचो त्या कोरीव रेघा. 'पांडवांनी काढल्यानी,' आजी सांगायची. आता त्यांना कातळशिल्पं म्हणतात. २०२२ साली उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू वगैरे ठिकाणची शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. त्याच्यापाशी उभं राहिलं तर नुसत्या रेघा दिसतात. चालत फिरलं की कुठे सोंड, कुठे पाय जुळत जातात. ज्यांनी कोरला त्यांनाही तो पुरता एका नजरेत दिसला नसणार.

हे संध्याकाळी भांडी घासताना सुचलं आणि मी स्वतःवरच चिडले. इतके दिवस कागद भिंतीला टेकवून बसत होते!

कागद फरशीवर पसरला. चार तुकडे जोडून सहा फूट. ओणवं होऊन, सरकत सरकत जांभा लावला, आकाशाला जागाच ठेवली नाही. गुडघे भरून आलेत. एका कोपऱ्यात रंग सुकून तडकलाय, डिंक कमी पडला असावा. पुसायला गेले आणि थांबले. तशीच भेग आमच्या पाणंदीच्या वरच्या अंगाला होती, पावसाळ्यात तिच्यात खेकडे असायचे.

उद्या काळा करायचाय. काजळी आहे, पण ती फारच गुळगुळीत दिसते. चुलीतला कोळसा आणायला सांगते आईला.