सिंदखेडराजा : राजवाडा बघून लगेच निघू नका

जालन्याहून मेहकरकडे जाणारी सकाळची एसटी धरली आणि तासाभरात सिंदखेडराजाला उतरलो. बुलढाणा जिल्ह्यातलं हे छोटं गाव लोणारच्या वाटेवर पडतं, म्हणून बहुतेक जण इथे अर्धा तासच थांबतात. जिजाऊंपुढे हात जोडले, फोटो काढला की गाडी पुढे. माझं कळकळीचं सांगणं आहे, या गावाला अख्खा दिवस द्या.

राजवाडा आधी बघावा, हे खरंच. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊ इथे जन्मल्या. चपला काढून आत गेलो, तेव्हा गर्दी नव्हती. दोन आजीबाई उंबऱ्यावर डोकं टेकवून बराच वेळ तशाच राहिल्या. त्या उठेपर्यंत आम्हीही मागे गप्प उभे होतो. जवळच रंगमहाल आहे. जिजाऊ आणि शहाजीराजांच्या सोयरिकीची रंगपंचमीची कथा लोक इथलीच सांगतात.

मला सर्वात जास्त वेळ लागला तो जिजाऊंचे वडील लखुजीराजे जाधव यांच्या समाधीपाशी. १६२९ मध्ये देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात त्यांना मुलांसह आणि नातवासह दगा देऊन मारलं. ही वास्तू घुमटाची, विटांची, भक्कम. गिलावा उडालेल्या जागी विटांचे थर उघडे पडलेत. एकाच घरातली इतकी माणसं एका दिवसात गेली, हे आठवून आत शिरलं की आवाज आपोआप खाली येतो. जिजाऊंच्या मनात सुलतानांबद्दल काय साठलं असेल, ते पुस्तकापेक्षा इथे जास्त कळतं. भिंतींवर नावं कोरलेली दिसली, जीव तुटला. मुलं सोबत असतील तर आधीच समजावून न्या.

काळा कोट हा किल्ला आणि रामेश्वर, नीलकंठेश्वर ही जुनी देवळं पायी होतात. मोती तलाव, चांदणी तलाव आणि पुतळा बारव ही पायऱ्यांची विहीर यांच्यासाठी मात्र रिक्षा ठरवा आणि तिन्ही ठिकाणांचं आधीच बोलून घ्या. तलाव बघायचे तर पावसाळा सरल्यावर या, उन्हाळ्यात पाणी फार खाली जातं. पुतळा बारवेत भिंतीवरच्या मूर्ती जवळून बघायच्या असतील तर ऊन कलण्याआधी पोहोचा. शेवाळलेल्या पायऱ्यांवर जपून, पकड असलेली पादत्राणं हवीत.

जन्मोत्सवाला, १२ जानेवारीला, लाखोंनी माणसं येतात. तो सोहळा अनुभवायचा असेल तर जरूर जा, पण वास्तू निवांत बघायच्या तर दुसरा दिवस निवडा. आणि उतरल्याबरोबर स्थानकात परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून ठेवा.