आमच्या सेवा मंडळाचे पहिले वर्ष आणि बँक खात्याचे साडेतीन महिने

गेल्या वर्षीच्या गुढीपाडव्याला संध्याकाळी अमळनेरमध्ये आमच्या गल्लीतील मंदिराच्या ओट्यावर आम्ही अकरा जण बसलो आणि एक सेवा मंडळ काढायचे ठरवले. या पाडव्याला त्याला वर्ष झाले. वर्षभरात आम्ही बसस्थानकावर पाणपोई चालवली, एक रक्तदान शिबिर घेतले, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका आश्रमशाळेतील मुलांना ब्लँकेटे दिली आणि भरीत-भाकरीच्या कुपनांमधून निधी उभा केला. परंतु वर्षाचा हिशेब लिहायला बसले की या सगळ्याच्या आधी मला मंडळाच्या नावाचे बँक खाते उघडण्यात गेलेले साडेतीन महिने आठवतात आणि तो राग अजून पुरता निवलेला नाही. नवे मंडळ काढणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून तेच सविस्तर लिहीत आहे.

मी एका पतसंस्थेत अठरा वर्षे हिशेब लिहिते, म्हणून कोषाध्यक्षपद सर्वांनी माझ्याकडे दिले.

नोंदणीबद्दल सांगण्यासारखे फार नाही. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान सात सभासद लागतात, आम्ही अकरा होतो. घटना, नियमावली, सभेचा ठराव आणि सर्वांची ओळखपत्रे घेऊन जळगावच्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात, म्हणजे धर्मादाय कार्यालयात, तीन फेऱ्या झाल्या. जूनअखेर संस्थेचे एक आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखालचे एक अशी दोन प्रमाणपत्रे हाती आली. दोन्ही मराठीत होती, याचा आम्हाला तेव्हा आनंदच वाटला होता.

नोंदणी होईपर्यंत बाहेरच्या कोणाकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, असे पहिल्याच बैठकीत ठरले होते. नोंदणी नसताना लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर त्याच १९५० च्या अधिनियमातील कलम ४१ क प्रमाणे परवानगी काढावी लागते, गणेशोत्सवाची मंडळे काढतात तशी. त्यापेक्षा पाणपोईचा खर्च आपसांत वाटून घेणे आम्हाला सोपे वाटले. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि दुपारच्या बसची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे हाल पाहवत नाहीत, त्यामुळे आगार व्यवस्थापकांची परवानगी काढून आम्ही आठ माठ मांडले. स्वयंसेवकांच्या पाळ्या आधी दिवसांप्रमाणे लावल्या होत्या, त्या चार दिवसांतच कोलमडल्या. दोन-दोन तासांच्या पाळ्या केल्यावर मात्र जूनच्या पहिल्या पावसापर्यंत एकही माठ रिकामा राहिला नाही. माठ रोज संध्याकाळी आतून घासून धुवावे लागतात, हे काम कोणाचे ते पहिल्या दिवशीच ठरवून घ्यावे.

आता बँकेकडे येते. जुलैमध्ये मंडळाचे पॅन कार्ड आले. १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर आमच्या गल्लीतील एका आजींनी, ज्यांचे यजमान शिक्षक होते, त्यांच्या स्मरणार्थ मंडळाच्या नावाने पाच हजार एकशे रुपयांचा धनादेश माझ्या हातात ठेवला. मंडळाची ती पहिली देणगी होती. चार दिवसांनी मी, अध्यक्ष आणि सचिव असे तिघे सगळी कागदपत्रे घेऊन बँकेत गेलो. बँकेचे नाव लिहीत नाही.

शाखेतील अधिकारी बोलायला सौजन्याचे होते. अडचण अशी होती की संस्थांच्या खात्यांचे अर्ज शाखेत मंजूर होत नाहीत, ते दुसऱ्या शहरातील केंद्राकडे जातात आणि तिथून आठ-दहा दिवसांनी एकच त्रुटी काढून परत येतात. ती पूर्ण केली की पुढच्या वेळी दुसरी. पहिल्यांदा खाते उघडण्याच्या ठरावावर मंडळाचा शिक्का नव्हता. दुसऱ्यांदा, मंडळाचा पत्ता सचिवांच्या घरचा असल्याने घरमालक म्हणून त्यांच्या वडिलांचे संमतिपत्र आणि वीजबिल हवे होते. तिसऱ्यांदा स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील नोंदणी मागितली. २०२३ पासून संस्थेचे खाते असेल तर तिची नोंद त्या पोर्टलवर असल्याची खात्री बँकेला करावी लागते, ते योग्यच आहे. परंतु ही एक ओळ पहिल्या दिवशी सांगितली असती तर आमचे तीन आठवडे वाचले असते. माझे सांगणे आहे की पहिल्याच भेटीत शाखेकडून संस्थेच्या खात्यासाठी लागणाऱ्या सर्व कागदांची यादी लेखी मागावी आणि तोंडी यादीवर विसंबून उठू नये.

चौथ्यांदा जी त्रुटी आली, तिने आमचा सगळा ऑक्टोबर आणि नोव्हेंबर खाल्ला. मंडळाच्या नावात ‘सेवा’ आणि ‘अमळनेर’ हे दोन शब्द आहेत. पॅनचा अर्ज भरणाऱ्या मुलाने इंग्रजीत ‘सेवा’मधला ‘वा’ व्ही अक्षराने लिहिला होता. प्रमाणपत्रे मराठीत असल्याने बँकेने त्यांचे नोटरी केलेले इंग्रजी भाषांतर मागितले होते, त्यात भाषांतरकाराने तोच ‘वा’ डब्ल्यूने लिहिला आणि ‘अमळनेर’मध्ये ‘ळ’नंतर एक जादा ए घातला. मराठीत नाव एकच होते. इंग्रजीत ती बँकेच्या लेखी दोन निरनिराळ्या संस्थांची नावे झाली.

मी तिथेच म्हणाले की भाषांतर पॅनप्रमाणे बदलून आणते. अधिकारी म्हणाले की नोटरी केलेला कागद बदलता येणार नाही, तुम्ही पॅन दुरुस्त करून आणा. त्यावर मी अधिक वाद घातला नाही, याची मला आजही हळहळ वाटते. आम्ही पॅनच्या दुरुस्तीचा अर्ज केला. तिकडून नव्या स्पेलिंगचा पुरावा म्हणून इंग्रजीतील नोंदणी प्रमाणपत्र मागितले गेले आणि आमची प्रमाणपत्रे तर मराठीतच होती. बँकेला पॅन बदलून हवे होते, पॅन बदलायला इंग्रजी प्रमाणपत्र हवे होते आणि त्या प्रमाणपत्राचे आमच्याकडे जे एकमेव इंग्रजी रूप होते ते म्हणजे ते भाषांतर, जे पुरावा म्हणून चालत नव्हते. दिवाळीच्या सुट्ट्या मध्ये आल्या. मी दर सोमवारी पतसंस्थेतून दुपारची सुट्टी काढून शाखेत जात होते आणि दर सोमवारी ‘केंद्राकडून अजून काही आलेले नाही’ एवढेच ऐकून परत येत होते.

याच काळात मंडळात पहिले मोठे भांडण झाले. आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांनी एकशे वीस ब्लँकेटांची गरज कळवली होती आणि दिवाळीची सुट्टी संपवून मुले वसतिगृहात परत येतील तेव्हा ती त्यांच्या हातात असावीत अशी आमची इच्छा होती. लोक देणगी द्यायला तयार होते. आमच्यातील दोन तरुण सभासदांचे म्हणणे पडले की कोषाध्यक्षांच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड सर्वांना पाठवावा, पैसे जमवावेत आणि हिशेब वहीत ठेवावा. थंडी काही बँकेसाठी थांबणार नाही. त्यांची तळमळ खरी होती. तरीही मी नकार दिला. माझ्या खात्यात आलेला पैसा कागदोपत्री माझा असतो, त्याचा खुलासा मलाच करावा लागतो आणि उद्या कोणी शंका घेतली तर वहीतील हिशेबाला बँकेच्या उताऱ्याचा आधार राहत नाही. पतसंस्थेत मी अशा एका वहीपायी सख्खे मित्र एकमेकांचे तोंड पाहीनासे झालेले पाहिले आहेत. त्या रात्री एक सभासद बैठकीतून उठून गेला आणि पंधरा दिवस आला नाही. शेवटी आम्ही अकरा जणांनी आपापसांत पैसे घालून पहिली ते चौथीच्या मुलांपुरती चाळीस ब्लँकेटे घेतली आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोहोचवली. उरलेली ऐंशी मुले बघत उभी होती. खात्याचा राग निवत नाही तो त्या मुलांच्या चेहऱ्यांमुळे.

आजींच्या धनादेशाची मुदत मध्यंतरी संपली होती. २०१२ पासून धनादेश त्यावरील तारखेपासून तीनच महिने चालतो. १५ ऑगस्टचा धनादेश नोव्हेंबरच्या मध्यावर नुसता कागद झाला. त्यांच्या दारावरून जाताना त्या रोज ओट्यावरून विचारत, “खातं उघडनं का वं माय?” धनादेश बाद झाल्याचे त्यांना सांगायला मला आठवडा लागला.

गुंता सुटला तो शाखेत बदलून आलेल्या नव्या व्यवस्थापकांमुळे. त्यांनी सगळी फाइल उभ्यानेच वाचली आणि म्हणाले, “ताई, मूळ दस्त मराठी आहे. भाषांतर नव्याने करून पुन्हा नोटरी करा, स्पेलिंग पॅनप्रमाणे घाला आणि दोन्ही नावे एकाच संस्थेची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडा.” दोन दिवसांत काम झाले, खर्च हजार रुपयांच्या आतच राहिला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खाते उघडले. स्पेलिंगची त्रुटी निघाली त्याच दिवशी मी जे सुचवले होते, तेच अखेर झाले.

म्हणून सांगते, घटना लिहितानाच मंडळाचे नाव मराठीत आणि इंग्रजीत अक्षर न् अक्षर ठरवून ठरावात लिहून ठेवावे आणि पॅन, शिक्का, भाषांतर, दर्पण नोंदणी यांपैकी प्रत्येक कामाला जाताना त्या ठरावाची प्रत सोबत न्यावी. कुठे फरक पडलाच, तर पॅनला हात न लावता बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्यावेत.

खाते झाल्यावर निधीचे काम मात्र झपाट्याने झाले. जानेवारीत भरिताचा हंगाम भरात असतो, तेव्हा आम्ही दीडशे रुपयांची कुपने काढली. बामणोदची शंभर किलो वांगी आणली, ती मळ्यात कपाशीच्या काड्यांवर भाजली, बायकांनी रात्रभर जागून सोलली, ठेचली आणि कळण्याच्या भाकरीबरोबर तीनशे दहा ताटे वाढली. अशा वेळी काही ताटे फुकट जातात, ओळखीच्या माणसाला नाही म्हणवत नाही. आम्ही तसे होऊ दिले नाही, अध्यक्षांनीही कुपन विकत घेतले. कुपनांचे साडेसेहेचाळीस हजार जमले, वस्तू बऱ्याच जणांनी फुकट दिल्याने खर्च जाऊन एकतीस हजार उरले. उरलेली ब्लँकेटे मात्र आम्ही त्याआधीच, डिसेंबरअखेर, खात्यात आलेल्या देणग्यांतून दिली होती. उठून गेलेला सभासद त्या दिवशी टेम्पो चालवत होता.

रक्तदान शिबिर २६ जानेवारीला झाले. रक्तपेढीचे पथक सगळे साहित्य घेऊन येते, आपण जागा, पलंग आणि माणसे जमवायची. हिमोग्लोबिन साडेबारापेक्षा कमी भरल्याने बऱ्याच बहिणींना परत जावे लागले, त्या हिरमुसल्या. हे आधीच सांगून ठेवावे.

दोन हजारांवरील देणगी आम्ही रोख घेत नाही, कारण त्यावर देणाऱ्याला देणगीवरची आयकर सवलत (८०जी) मिळत नाही. आमची ती नोंदणी अजून व्हायची आहे आणि तसे आम्ही प्रत्येक देणगीदाराला सांगतो, परंतु सवय आत्ताच लागलेली बरी.

पावती पुस्तकातील पहिली पावती मी ऑगस्टपासून कोरी ठेवली होती. आजींनी डिसेंबरात दुसरा धनादेश लिहिला, पाच हजार एकशेचाच, आणि खात्यात जमा झालेली पहिली रक्कम तीच ठरली.

कार्यकारिणीतील एक जण नोकरीनिमित्त नाशिकला गेल्याने त्यांच्या जागी नवीन सभासद घेतला आहे. असा बदल नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. त्या बदल अर्जासाठी येत्या सोमवारी सकाळच्या गाडीने जळगावला जायचे आहे आणि नावाच्या ठरावाची प्रत पिशवीत आधीच घालून ठेवली आहे.