पाच बाय चार

दुपारी दोरीवरचे कपडे काढायला गेले आणि गुलाबाने बाही धरली. धरली म्हणजे सोडेचना. गुलाबाचा काटा आकड्यासारखा असतो, हिसका दिला की जास्त रुततो. सुटायचं तर त्याच्याच दिशेने जरा सरकावं लागतं. हे ज्ञान मला दरवर्षी होतं आणि दरवर्षी आधी हिसका दिल्यावरच होतं.

तिथे अडकल्या अडकल्या वर पाहिलं. एक लांबच लांब फांदी माझ्या डोक्यावरून कमान टाकून थेट दोरीपर्यंत पोचली होती. लावलं तेव्हा हे झुडूप म्हणजे वीतभर काडी होती आणि काडीच्या गळ्यात चिठ्ठी: ‘झुडपी गुलाब. उंची ५ फूट, पसारा ४ फूट.’ ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. आठवण म्हणून नव्हे, पुरावा म्हणून. बाही सोडवली, घरात जाऊन टेप आणला, स्टुलावर चढले. ९ फूट २ इंच. पसारा मोजायचा राहिला, कारण टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं, आणि ज्याला बोलावलं असतं त्याने ‘कापून टाक ना’ म्हटलं असतं.

चिठ्ठीवर नाव आहे ‘ग्रॅहम थॉमस’. पिवळा, भरगच्च पाकळ्यांचा. डेव्हिड ऑस्टिन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी १९८३मध्ये तो बाजारात आणला आणि जुन्या गुलाबांवर आयुष्य वेचणाऱ्या एका माळ्याचं नाव त्याला दिलं. इंग्लंडात तो चिठ्ठीत लिहिल्यासारखा शहाण्यासारखा वागतही असेल. तिथे वर्षातले काही महिने झाड झोपतं. उन्हाच्या मुलखात त्याला झोपच मिळत नाही, मग ते नुसतं वाढत राहतं, आणि वेल समजून कमानीवर चढवावं इतकं होतं. चिठ्ठी खोटं बोलत नाही, ती फक्त तिच्या गावची गोष्ट सांगते. तरी मला तिचा राग येतो. माणसाने पाच म्हटलं तर साडेपाच समजून घेता येतं, नऊ कसं समजून घेणार?

खरं तर गुलाबाची उंची हा आमच्या घरातला जुना वाद आहे. आजोबा कापायचे आणि आजी वाकवायची. आजोबांची छाटणी म्हणजे विधीच होता. धार लावलेली कात्री, बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, शोधायचा, त्याच्या जरा वर तिरका काप, म्हणजे नवी फांदी झुडपाच्या पोटात न शिरता बाहेर जाते. डोळा सापडेपर्यंत ते फांदी चष्म्यापाशी धरून इतका वेळ उभे राहत की वाटे, फांदीच काहीतरी सांगते आहे. आजी पायरीवरून म्हणायची, “अहो, कापता कशाला? वाकवा.” आणि त्यांची पाठ वळली की खरोखरच वाकवायची. लांब फांदी हळूहळू जमिनीकडे ओढायची, चिंधीने खुंटीला बांधून टाकायची. महिन्या-दीड महिन्यात त्या आडव्या फांदीवर पेरापेराला कोंब उभे राहत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कळी. फांदी उभी असते तेव्हा शेंड्यातलं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं, आडवी केली की तो धाक कमी होतो, हे मी खूप नंतर वाचलं. आजीला संप्रेरक माहीत नव्हतं. ‘शेंड्याचा तोरा उतरवला की बाकीचे बोलायला लागतात,’ एवढं ती म्हणायची, आणि हे म्हणताना आजोबांकडे बघायची.

पण आजोबांच्या गुलाबाची मला आठवते ती गोष्ट वेगळीच. त्यांचा एक गडद लाल गुलाब होता, कलमाचा. दोन वर्षं तो जेमतेम गुडघ्याएवढा राहिला. तिसऱ्या वर्षी बुडातून एक फुटवा निघाला, फिकट हिरवा, तजेलदार, आठवड्याला हातभर वाढणारा. आजोबा हरखले. “बघ, आता लागलं जिवाला!” म्हणाले. त्या फुटव्याला काठीचा आधार दिला, आळं मोठं केलं, शेणखत घातलं. बाजूच्या लाल फांद्या खंगल्या तशा एकेक करून कापल्या, म्हणजे सगळा जोर त्याला मिळेल. मला रोज त्याच्याशेजारी उभं करून उंची बघायचे. मी हरायचे.

मग तो फुलला. बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके, पाच-पाच पाकळ्यांचे.

कलम करताना लाल गुलाबाचा डोळा ज्याच्यावर भरला होता, तो खालचा जंगली खुंटच फुलला होता. वरचं कलम मरू देऊन आम्ही वर्षभर त्याचंच कोडकौतुक केलं होतं. हे आजीला पहिल्याच दिवशी कळलं होतं, असा मला दाट संशय आहे. तिने काहीच म्हटलं नाही. आजोबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “या वर्षी पांढरा आलाय.” पुढच्या वर्षीही पांढराच आला. दर वर्षी ते तेच म्हणत, आणि घरातले सगळे ‘हो, या वर्षी पांढरा’ म्हणत. त्या झुबक्यांना मंद वास होता, मधमाश्याही लालपेक्षा जास्त यायच्या.

सात पानांची डहाळी म्हणजे जंगली आणि पाचाची म्हणजे खरी, असं लोक छातीठोकपणे सांगतात. त्यांच्यावर विसंबून राहू नये. सुरकुतलेल्या पानांचा रुगोसा गुलाब सात-नऊ पानं मिरवत असतो आणि तो अस्सल असतो. फुटवा कुठून निघाला ते बघणं हाच एक मार्ग. जिथे डोळा भरलेला असतो तिथे गाठ दिसते. गाठीच्या वरून आला तर आपला, खालून आला तर माती बाजूला करून मुळापाशी धरायचा आणि ओढून उपटायचा. कापला तर परत येतो, जास्त जोमाने.

खरं तर मी ‘द फेअरी’ नावाचा गुलाब लावायला हवा होता. १९३२ सालचा, जेमतेम गुडघा-मांडीएवढा, उंचीपेक्षा आडवाच जास्त. त्याची पसरट फांदी कुणाच्या दोरीपर्यंत जाणार नाही. पण नर्सरीत उभं असताना मला कधीच बुटकं झाड आवडलेलं नाही. काडी बघायची आणि मनात नऊ फुटांचं फुललेलं झुडूप बघायचं, मग नऊ फूट झालं की चिठ्ठी घेऊन भांडायचं, असा माझा स्वभाव.

कात्री आणली होती. बाहेर तोंड असलेला डोळाही सापडला. मग फांदी हातात घेऊन जरा वाकवून पाहिली, वाकते आहे. चिंधी शोधायला खाली वाकले तेव्हा दिसलं की ही नऊ फुटांची फांदी बाकीच्या फांद्यांसारखी काळपट नाही. फिकट हिरवी आहे. आणि इतक्या लांबीवर तिला एकही कळी नाही.

माती जराशी उकरली की गाठ दिसेल, दोन मिनिटांचं काम आहे. दोरीचा खिळा मी सध्या दोन फूट पलीकडे ठोकला आहे.